नाझरेथमध्ये भेटलेला शिसव

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात नाझरेथ नावाचं एक छोटं गाव आहे. न्यूयॉर्कहून पश्चिमेला साधारण सव्वाशे किलोमीटर. मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी 1740 साली वसवलेलं. उतरत्या छपरांची घरं, शांत रस्ते आणि आजूबाजूला शेतं. पण गिटार वाजवणाऱ्यांच्या लेखी हे गाव म्हणजे पंढरपूर, कारण मार्टिन गिटारचा कारखाना इथं आहे.

ख्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन हा मूळचा जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेनचा. तिथं गिटार बनवायचा हक्क कुणाचा, व्हायोलिनवाल्यांचा की सुतारांचा, यावरून दोन संघांत भांडण लागलं होतं. त्याला कंटाळून 1833 मध्ये तो अमेरिकेला आला आणि काही वर्षांत नाझरेथला स्थिरावला. वाद्य आणि नियम यांचं नातं तेव्हापासूनचं म्हणायचं!

मागच्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामासाठी मी दीड महिना न्यू जर्सीत होतो. एडिसनला राहणारा मावसभाऊ एका रविवारी म्हणाला, "चल, दीड तासाचा रस्ता आहे. म्युझियम बघू आणि जुनी वाद्यं विकणाऱ्या एका दुकानातही डोकावू." मला तेच हवं होतं. बेळगावात माझी धाकटी बहीण मुलांना गिटार शिकवते. तीन वर्षं शिकवण्यांचे पैसे बाजूला टाकून तिनं चांगल्या गिटारसाठी रक्कम जमवली होती. थोडी भर मी घालणार होतो.

कारखान्याबद्दल तिथं बरंच बघायला मिळालं. गिटारच्या कडा उष्णता देऊन वाकवतात आणि आतली पट्टी चिकटेपर्यंत धरून ठेवायला चक्क कपडे वाळत घालायचे चिमटे लावतात. पण माझं लक्ष गेलं ते गडद जांभळट-तपकिरी फळ्यांकडे. "ईस्ट इंडियन रोझवूड" असं नाव कानावर पडलं आणि मी भावाकडे बघितलं. अहो, हा तर आपला शिसव! लोंढा-दांडेलीच्या रानातला, कानडीत ज्याला बीटे म्हणतात तो. आजीच्या शिसवी पलंगाचं लाकूड सातासमुद्रापार जाऊन डी-28 गिटारची पाठ झालेलं होतं.

त्यामागचं कारणही ऐकण्यासारखं आहे. आधी मार्टिन ब्राझीलचं रोझवूड वापरत असे. तिकडचं जंगल झपाट्यानं कमी होत गेलं, ब्राझीलनं ओंडके बाहेर पाठवण्यावर निर्बंध आणले आणि 1969 मध्ये कंपनी आपल्या शिसवाकडे वळली. त्यामुळे त्याआधीच्या रोझवूड मार्टिनना आज सोन्याचा भाव आहे.

त्या दुकानात अशीच एक होती, 1966 सालची. मार्टिनच्या पोटात, मानेच्या जोडाजवळच्या ठोकळ्यावर नंबर कोरलेला असतो, त्यावरून साल कळतं. मी तार छेडली आणि पुढची दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. व्हिडिओ कॉलवर बहिणीला ऐकवली. ती म्हणाली, "दादा, हीच घे. उरलेले पैसे मी वर्षभरात फेडते."

म्हातारे दुकानदार मात्र म्हणाले, "भारतात नेणार असाल, तर आधी कागद बघू."

इथून पुढचं ज्याला परदेशातून वाद्य आणायचं आहे, त्यानं नीट वाचावं. दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर 'साइट्स' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो 1975 मध्ये लागू झाला आणि भारत 1976 पासून त्यात आहे. ब्राझीलचं रोझवूड 1992 पासून त्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. त्यापासून बनलेलं वाद्य कितीही जुनं असो, देशाची हद्द ओलांडताना कागद लागतोच. लाकूड 1992 च्या आधीचं आहे हे पुराव्यानिशी दाखवून अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव विभागाकडून प्रमाणपत्र घ्यायचं आणि ठरावीक बंदरावर किंवा विमानतळावर तपासणी करून घ्यायची. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, ती एप्रिल 2023 पासून लागू आहे. त्यामुळे साइट्सच्या याद्या आता थेट आपल्या कायद्यात आहेत. मुंबईला उतरल्यावर कस्टम्सनं अडवलं तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही, वाद्य जप्त होऊ शकतं.

दुसरी अडचण पांढऱ्या रंगाची होती. त्या काळच्या अनेक गिटारांत तारा टेकतात ते नट आणि सॅडल हस्तिदंताचे असत. हस्तिदंताचा व्यापार आणि आयात आपल्याकडे बंद आहे. तुकडा बोटाएवढा असला तरी कायदा तोच.

भावानं विचारलं, "ते वाद्यांचं खास प्रमाणपत्र असतं ना?" असतं. तीन वर्षं चालतं आणि त्यावर अनेकदा ये-जा करता येते. पण ते स्वतःचं वाद्य घेऊन कार्यक्रमांना जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या कलाकारांसाठी आहे. विकत घेऊन कायमचं दुसऱ्या देशात न्यायला ते उपयोगाचं नाही.

परतीचं तिकीट अकरा दिवसांवर होतं. रात्री बहिणीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मुलांसमोर वाजवताना दर वेळी मनात धाकधूक नको. नवी बघ." तिचा आवाज पडला होता, हे मला कळत होतं.

नवी डी-28 घेतली, पाठीला आपल्याच शिसवाची. हाही शिसव साइट्सच्या दुसऱ्या यादीत आहे. जानेवारी 2017 मध्ये डालबर्जिया कुळातली इतर सगळी झाडं त्या यादीत आली, तेव्हा तयार वाद्यांनाही परवाने लागू लागले आणि अनेक कंपन्यांनी फिंगरबोर्डसाठी दुसरी लाकडं शोधली. नोव्हेंबर 2019 पासून दुसऱ्या यादीतल्या या लाकडाच्या तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझीलच्या रोझवूडला ती नाही. तरीही मी बिलावर प्रत्येक भागाच्या लाकडाचं शास्त्रीय नाव लिहून घेतलं: डालबर्जिया लॅटिफोलिया. कस्टम ड्युटी भरावी लागली, तो हिशेब वेगळा.

आपल्यातली कितीतरी मुलं आता परदेशात आहेत. कुणी तिकडून गिटार किंवा व्हायोलिन आणतं, कुणी मिरजेहून सतार-तानपुरा नेतं. विकत घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: लाकूड कोणतं, साल कोणतं, आणि हाड, शिंग, शिंपला किंवा हस्तिदंत कुठं वापरलाय का. पूर्वी सतारीची घोडी सांबरशिंगाची करत. आजीची जुनी सतार न्यायची असेल, तर घोडी आधी कारागिराला दाखवून घ्या. उत्तर लेखी मागा, आणि शंका असेल तर तिकीट काढण्याआधी वनखात्याला विचारा.

ती 1966 ची गिटार अजून कानात आहे, खोटं कशाला बोलू? पण एका देशाचं रान संपत आलं, म्हणून कारखाना आपल्या रानाकडे वळला. उद्या आपलंही संपलं तर वळायला जागा कुठं उरणार? बहिणीच्या क्लासमधली मुलं नव्या गिटारची पाठ हातानं चाचपून बघतात. ती त्यांना सांगते, हे झाड इथलं आहे, दांडेलीला गेलात की बघून या.