एका माकुडीची अनेक नावे

न्हावऱ्याच्या परिसरात आता ऊस दिसतो हे खरे. परंतु जेथे पाटाचे पाणी चढलेले नाही, त्या माळावर अजून निवडुंगाचेच राज्य आहे. पाणी अंगात साठवून उन्हाळा काढणाऱ्या अशाच वनस्पतींपैकी एक आमच्या पुणे जिल्ह्यात, जुन्नरकडील कड्याकपारींत वाढते. तिकडे तिला 'शिंदळ माकुडी' म्हणतात. खोड मांसल, उंची बेताची. पावसाच्या अखेरीस तिला पाच पाकळ्यांची, गडद तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुले येतात.

'शिंदळ' हा शब्द चारचौघांत उच्चारण्याजोगा नव्हे. माकडशिंगीसारख्या तिच्या भावंडांना पाने जवळजवळ नसतातच. हिला मात्र पावसाळ्यात चांगली जाड पाने फुटतात. कुळाची रीत मोडली म्हणून बिचारीच्या माथी हे नाव आले असावे, असे आमच्या मनाने घेतले आहे. पण पंडितांनी तरी तिला एका घरात कोठे नांदू दिले?

निकोल डाल्झेल या वनाधिकाऱ्याने 1865 साली तिला 'फ्रेरिया इंडिका' हे नाव दिले. सर बार्टल फ्रिअर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. पुढे 1958 मध्ये गॉर्डन रौली यांनी तिला 'कॅरॅलुमा' या मोठ्या प्रजातीत घातले. तेथे 'इंडिका' नावाची दुसरी वनस्पती आधीच बसलेली! एका प्रजातीत एका नावाच्या दोघी चालत नाहीत. म्हणून ही 'कॅरॅलुमा फ्रेरी' झाली. स्वातंत्र्याला अकरा वर्षे झाल्यावर नावातले 'भारतीय' गेले आणि गव्हर्नरसाहेब राहिले, याची आम्हांस गंमत वाटते आणि थोडा विषादही. नंतर जनुकांच्या अभ्यासावरून ती 'बुसेरोशिया' झाली. 2017 मध्ये तर तिला कंदीलपुष्पांच्या 'सेरोपेजिया'त नेण्यात आले. प्रत्येक मताला आधार आहे, पण एकमत नाही.

आपल्या वाचकांना हे फार परके वाटू नये. घरात हाक मारायचे नाव एक आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतले दुसरे, असे आपल्याकडे घरोघरी आहे. शिवाय व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या वेदीवर मराठी आली, तरी नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिन भाषेतच हवे हा वनस्पतिशास्त्रज्ञांचा नियम 2011 अखेरपर्यंत टिकला! ज्या रुईच्या कुळात ही माकुडी मोडते, त्या कुळाच्या मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर 1962 साली ग्रंथ लिहिणाऱ्यांत फादर सांतापाऊ हे येशूसंघीय धर्मगुरू होते. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे ते संचालकही होते.

नावांचा हा घोळ निव्वळ विद्वानांचा खेळ म्हणून सोडता येत नाही. ही वनस्पती फार थोड्या ठिकाणी उरली आहे. एका कागदावर 'फ्रेरिया', दुसऱ्यावर 'बुसेरोशिया' असे लिहिलेले असले, तर तपास करणाऱ्याला ती दोन निरनिराळी झाडे वाटावयाची. म्हणून जुनी नोंद चाळताना चारही नावे हाताशी ठेवावीत. आणि कड्याखाली उभे राहून विचारावयाचे असेल, तर संकोच सोडून पाचवेच घ्यावे.