पट्टी भरली, पण फाईल गेली नाही!

२०१४च्या मे महिन्यात, पीएचडी चालू असताना, तीन आठवडे साताऱ्याला घरी गेलो होतो. आजीला जात्यावर बसवून तिच्या बावीस ओव्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केल्या. डिस्क भरत आली होती, म्हणून निघायच्या रात्री त्या फायली पेनड्राइव्हवर कॉपी न करता सरळ हलवल्या. बाबा दारातून ओरडत होते, "अरे, गाडी आलीये!" पडद्यावरची पट्टी भरली, मी पेनड्राइव्ह उपसला आणि पळालो.

जर्मनीत आखेनला पोचल्यावर पंधरा दिवसांनी बघतो तर चौदा ओव्या वाजतायत. उरलेल्या आठांची नुसती नावं, आत शून्य बाइट्स! लॅपटॉपवरची ती जागा तोवर दुसऱ्याच फायलींनी बळकावली होती.

आता मी लिनक्सवाला, विंडोजवाल्या मित्रांना अक्कल शिकवणारा. त्यामुळे मला हे ठाऊक नव्हतं असंही म्हणता येत नाही. लिनक्स आपली फाईल आधी रॅममध्ये घेतं आणि 'झालं' म्हणून मोकळं होतं. ड्राइव्हवर लिहायचं काम मागाहून, सवडीनं. नेहमीच्या सेटिंगमध्ये न लिहिलेला डेटा ३० सेकंद जुना झाला की मग तो हातात घेतला जातो, आणि पेनड्राइव्ह संथ असला तर पुढे कित्येक मिनिटं लिहिणं चालूच. पत्र पेटीत टाकलं म्हणजे मामाला पोचलं असं थोडंच आहे?

तेव्हा फाईल मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावाशेजारचं 'इजेक्ट'चं बटण दाबायचं आणि ड्राइव्ह काढायला हरकत नाही असा निरोप येईपर्यंत हात लावायचा नाही. टर्मिनलवर 'यूमाउंट' (यात 'यू'नंतर 'एन' नाही, मी अजून चुकतो!). ही आज्ञा बराच वेळ गप्प बसली तर ती अडकलेली नसते, राहिलेलं लिहीत असते. 'बिझी' म्हणून नकार आला तर बहुधा आपलंच दुसरं टर्मिनल त्या फोल्डरात ठाण मांडून बसलेलं असतं. नाहीतर 'एलएसओएफ' गुन्हेगाराचं नाव सांगतं. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर त्यानंतर 'यूडिस्कसीटीएल'च्या 'पॉवर-ऑफ'नं ती थांबवावी, नाहीतर तबकडी फिरत असतानाच आपण वीज तोडतो.

असो. पुढच्या वर्षी आजीला म्हटलं, राहिलेल्या आठ पुन्हा म्हणतेस का? तिला तीन आठवल्या. "जातं फिरायला लागलं की येतात रे त्या, अशा खुर्चीत बसून नाही येत," म्हणाली. खांदा धरल्यापासून जातं तिला ओढवत नव्हतं.