काळू नदीच्या खोऱ्यात एक दिवस

वाचकहो, उपनगरातल्या आपल्या घरांत एक वाक्य वारंवार कानी पडते : 'आता मला कुठे नेता? तुम्हीच जाऊन या.' मुलुंडच्या आमच्या घरातही ते कित्येक वर्षे ऐकू येत असे. तरुणपणी कल्याणहून एस.टी.ने जाऊन नाणेघाट चढणारे माझे वडील 81 व्या वर्षी खुर्ची आणि गॅलरी यांच्यामध्ये अडकले होते. गुडघ्यांनी साथ सोडली होती. रक्तदाबाच्या गोळीमुळे लघवीला वरचेवर जावे लागे. मात्र त्याहून मोठा अडसर संकोचाचा होता. आपल्यामुळे इतरांचा दिवस वाया जाईल, ही भीती त्यांना घराबाहेर पडू देत नव्हती.

अशा माणसासाठी एका दिवसाचा प्रवास कसा आखावा, हे मला आधी चुकून आणि मग शिकून समजले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

टिटवाळ्याच्या गणपतीला जाताना आपण जी काळू नदी पाहतो, ती माळशेज घाटाच्या परिसरातून उतरून मुरबाड तालुक्यातून वाहत येते. तिच्या खोऱ्यातून जाणारा कल्याण-मुरबाड-माळशेज हा रस्ता म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 61. कल्याणपासून घाट साधारण 85 किलोमीटरवर आहे. मुलुंड-घाटकोपरकरांना तो सोयीचा. अंधेरी-बोरिवलीहून निघणाऱ्यांनी वाढीव वेळ गृहीत धरावा.

ऋतूची निवड महत्त्वाची. आषाढ-श्रावणातला माळशेज छायाचित्रांत मोहक दिसतो. परंतु त्या दिवसांत दरडी कोसळतात, धुके दाटते आणि सुट्टीच्या दिवशी वाहनांच्या रांगा लागतात. ज्येष्ठांसाठी योग्य काळ गणेशविसर्जनानंतरचा. पावसाचा जोर ओसरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, उतारांवर सोनकीची पिवळी फुले आलेली असतात आणि भातखाचरे लोंब्यांच्या भाराने वाकू लागलेली असतात. तरीही निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज आणि घाटरस्ता खुला आहे की नाही, हे पाहावेच.

आमचा पहिला प्रयत्न फसला. आम्ही उशिरा, ऊन चढल्यावर निघालो. वाटेत थांबावे लागू नये म्हणून वडिलांनी सकाळपासून पाणीच घेतले नव्हते, आणि हे त्यांनी कोणाला सांगितलेही नव्हते. मुरबाडला गाडीतून उतरताच त्यांना भोवळ आली. सावलीत आडवे केले, पाणी दिले, बरे वाटले. पण आम्ही तेथूनच परतलो. घरी येईपर्यंत कोणी फारसे बोलले नाही. त्या रात्री ते म्हणाले, "सांगितले होते ना, मला नेऊ नका."

दोष त्यांच्या वयाचा नव्हता, आमच्या आखणीचा होता. पुढच्या वर्षी आम्ही आधी डॉक्टरांना भेटलो. लघवी वाढवणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरच सांगतात. पाणी किती प्यावे हेही त्यांनाच विचारावे, कारण हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना मर्यादा असते. मधुमेही व्यक्तीने इन्सुलिन आणि जेवण यांची वेळ मोडू नये, सोबत साखर ठेवावी, आणि इन्सुलिन उभ्या गाडीच्या उन्हात राहू देऊ नये. गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते किंवा लघवी अडते. त्या विचारल्याशिवाय देऊ नयेत. पुढची जागा, हलकी न्याहारी, समोर दूरवर ठेवलेली नजर आणि हळू चालवणारा चालक यांनी बरेच काम होते.

या वेळी सकाळी साडेसहालाच निघालो. दुर्गाडीचा पूल, कल्याण, शहाड, म्हारळ ओलांडून रायत्याजवळ उल्हास नदी आली, तेव्हा रस्त्याला नुकतीच जाग येत होती. साधारण दर तासाने थांबायचे, हे आधीच ठरवले होते. थांबा वडिलांसाठी आहे असे कोणी म्हणायचे नाही. चहा सर्वांना हवा असतो. मुरबाडला पायऱ्या नसलेले आणि कमोडची सोय असलेले हॉटेल आधीच चौकशी करून ठेवले होते. गाडीत युरिन पॉटही होता. तो लागला नाही, पण आहे म्हटल्यावर वडील निर्धास्तपणे पाणी पीत होते.

उतरवण्याचीही एक रीत आहे. आधी बसल्या जागी वळून दोन्ही पाय जमिनीवर टेकवावेत, मिनिटभर तसेच बसू द्यावे, मग आधार देऊन उभे करावे. एकदम उठल्याने रक्तदाब उतरून तोल जातो. गाडी चालू असताना अधूनमधून घोटे वर-खाली हलवल्यास पायांत रक्त साचत नाही.

सरळगाव, टोकावडे मागे पडले आणि वैशाखऱ्याच्या सुमारास उजव्या हाताला नाण्याचा अंगठा दिसला. वडिलांनी गाडी थांबवायला लावली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कोकणातल्या बंदरांचा माल याच घाटाने जुन्नरकडे चढत असे. वरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, पाण्याची टाकी आहेत. हे सारे वडील काचेतून बोट दाखवत सांगत होते. मग म्हणाले, "एवढे तांडे जायचे, तेही वाटेत टेकत असतीलच. त्याशिवाय का टाकी खोदली?" थांबण्याचा संकोच त्या वाक्यानंतर आमच्या गाडीत उरला नाही.

घाट चढताना कानांत दडे बसतात. आवंढा गिळला किंवा लिमलेटची गोळी चघळली की ते सुटतात. दरड कोसळण्याच्या जागी किंवा वळणावर थांबण्याचा मोह टाळावा. माथ्यावर मोकळ्या जागी आम्ही गाडी उभी केली. वडील उतरले नाहीत. काच खाली करून खालच्या दरीतून वर येणाऱ्या ढगांकडे ते अर्धा तास पाहत राहिले. त्यांना आग्रह करून कठड्यापर्यंत नेण्याची इच्छा मला झाली. मी ती आवरली. डोंगर त्यांचा होता, कुठून पाहायचा हेही त्यांनीच ठरवायचे होते.

डबा खाऊन दुपारी दोनला परतीला लागलो. अंधारापूर्वी घर गाठणे हा नियमच समजावा.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना दोन शब्द. शक्य असल्यास चालकाखेरीज दुसरा प्रौढ सोबत घ्यावा, म्हणजे वाहन आणि माणूस या दोहोंचा भार एकट्यावर पडत नाही. औषधांची यादी खिशात असावी. घाटात फोन लागेलच असे गृहीत धरू नये. छातीत दुखणे, धाप लागणे, बोबडी वळणे असे काही दिसताच सहल तेथेच संपवून 108 क्रमांकावर मदत मागवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. आणि नुसता थकवा आला, तरी अर्ध्या वाटेवरून परतण्यात कमीपणा मानू नये. आमची पहिली सहल मुरबाडलाच संपली, म्हणून तर दुसरी घाटापर्यंत पोहोचली.

घरी आल्यावर वडील लवकर झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी विचारले, "भात कापणीला आला की तो रस्ता कसा दिसत असेल रे?"