सरळ भोकाचं ऋण

लेथवर मला आज जे काही जमतं, त्यातलं निम्मं श्रेय कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचं आहे. माझी नोकरी टेबलावरची. घराच्या मागच्या खोलीत जुना छोटा लेथ आणला तो केवळ ओढीपोटी. बाहेरून टर्निंग करणं पुस्तकं वाचून जमलं. अडलं ते खोल भोकापाशी.

व्यासाच्या पाचपटीपुढे गेलं की भोक खोल, असा ढोबळ हिशेब आहे. मला एका स्पिंडलमधून ८ मिमीचं भोक २०० मिमी आरपार न्यायचं होतं, म्हणजे पंचवीसपट. लांब ड्रिल आणलं की झालं, एवढीच माझी समज. मिस्त्रींनी ते ड्रिल दोन हातांत धरून किंचित लववून दाखवलं. म्हणाले, "पोरा, हे बाहेर एवढं लवतंय, तर आत कुठं जाईल ते तुला दिसणार हाय का?"

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. टेलस्टॉक लेथच्या स्पिंडलच्या मध्यावर आहे का, हे आधी डायलने बघायचं. मग सेंटर ड्रिल, मग आखूड ड्रिल आणि लांब ड्रिल शेवटी, कारण सुरुवातीला धरलेली वाट ड्रिल सहसा सोडत नाही. त्याच्या दोन्ही धारा सारख्या नसतील तर भोक मोठं होतं आणि भरकटतंही. लेथवर जॉब फिरतो आणि ड्रिल स्थिर राहतं, म्हणून ड्रिलिंग मशीनपेक्षा इथे भोक सरळ जायची शक्यता जास्त, हेही त्यांनीच समजावलं. खोलवर गेल्यावर चिप्स खाचांतून वर येत नाहीत. थोडं कापायचं, ड्रिल पूर्ण बाहेर काढायचं, ब्रशने साफ करायचं, तेल लावून पुन्हा आत. किती मिलिमीटरनी काढायचं, असं विचारलं तर त्यांनी आकडा सांगितला नाही. माझा हात टेलस्टॉकच्या चाकावर ठेवून त्यावर स्वतःचा हात ठेवला. चाक जड झालं, आवाज बदलला, की बाहेर.

मला सर्वांत मोलाचं दिलं ते डी-बिट, म्हणजे भोक पाडायचं एका धारेचं साधं हत्यार. सिल्व्हर स्टीलची ८ मिमीची गोल कांडी घेतली आणि टोकाशी कानशीने घासत निम्म्या जाडीवर आणली. दर थोड्या वेळाने मायक्रोमीटर लावत होते. तोंडाला मागे जरासा उतार दिला. लाल करून पाण्यात बुडवली, सपाट बाजू पॉलिश पेपरने उजळली आणि मागून हळूहळू तापवली. गवती पिवळा रंग सरकत धारेपर्यंत आला, त्याच क्षणी पुन्हा पाण्यात. पोलादाला पाणी देणं मी तेव्हा प्रथम जवळून पाहिलं.

या बिटाला स्वतः सुरुवात करता येत नाही. आधी थोड्या लहान ड्रिलने भोक पाडायचं आणि त्याचं तोंड बोरिंग टूलने अचूक मापाचं, सरळ करून द्यायचं. मग बिटाची गोल पाठ त्या भिंतीला टेकून पुढे जाते. बंदुकीच्या नळीसाठीचं गन-ड्रिलही असंच एका धारेचं, भिंतीच्या आधाराने चालणारं. फक्त त्याच्या पोटातून दाबाने तेल जातं आणि चिप्स बाहेर ढकलतं.

मिस्त्रींनी या शिकवणीचा एक पैसा घेतला नाही. त्यांच्या कामाच्या वेळात मी जात होतो आणि त्याची किंमत मला फार उशिरा कळली. आता शेजारची मुलं लेथ बघायला येतात, तेव्हा त्यांना मी आधी कानस देतो.

घरी लेथ असेल तर महागडं लांब ड्रिल घेण्याआधी एक डी-बिट स्वतः करून बघा. आणि जवळपास असा एखादा मिस्त्री असेल तर त्याच्याकडे जा, तो काम करत असताना उभं राहून बघा, विचारा.