निगेटिव्ह रिपोर्टनंतरची भीती

हर्सूलमधला आमच्या ओळखीचा एक मुलगा एचआयव्हीच्या भीतीनं कित्येक महिने आतल्या आत झुरत होता. परगावी नोकरीला असताना एकदा शरीरसंबंध आला. कंडोम होता, तो फाटलाही नव्हता. तरी घरी आल्यापासून तो आरशासमोर जीभ काढून पांढरा थर शोधायचा, मानेच्या गाठी चाचपायचा. अन्न जाईना म्हणून वजन उतरलं आणि उतरलेलं वजनच त्याला पुरावा वाटू लागलं. छातीत धडधड, पातळ संडास, रात्रीचा घाम ही सगळी लक्षणं नुसत्या भीतीनंही येतात. एकदा तलावाकडे फिरताना त्यानं हे मला सांगितलं. "काका, घरी कळलं तर?" हेच तो पुनःपुन्हा विचारत होता. आजाराबद्दल त्यानं फारसं विचारलं नाही. त्याचं दुखणं मला तिथंच दिसलं.

लाळेतून, घामातून, स्पर्शातून एचआयव्ही पसरत नाही. उपचार न घेणाऱ्या बाधित स्त्रीशी कंडोमविना योनिसंबंध आला, तरी एका वेळी पुरुषाला लागण होण्याची सरासरी शक्यता अभ्यासकांनी १०,००० मध्ये साधारण ४ इतकी धरली आहे. कंडोम शाबूत असेल तर ती फारच कमी. खरा धोका घडलाच, तर ७२ तासांच्या आत २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात. आमच्या इथल्या सरकारी घाटी रुग्णालयात चाचणी आणि समुपदेशन मोफत होतं आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं रिपोर्टची गुप्तता राखणं बंधनकारक आहे.

हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. तीन महिन्यांनंतरचा निगेटिव्ह रिपोर्टही खिशात होता. पण त्याला माफी हवी होती, आणि ती कुठलीच लॅब देत नाही.

एचआयव्हीची ही दहशत त्याच्या जन्माआधीची आहे. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या चमूनं देशातली पहिली एचआयव्हीची नोंद केली. बाई मूळच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. त्या काळी पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे मरणाचा कागद होता. आज सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळतात, आणि नियमित उपचारांनी विषाणू चाचणीत सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून तो पसरत नाही. घराघरांत मात्र अजून १९८६ चीच कुजबुज चालते. मुलं आजाराला भितात त्याहून जास्त त्या कुजबुजीला भितात, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून अशा मुलांना कळकळीनं सांगतो: तीन महिन्यांनंतरचा रिपोर्ट निगेटिव्ह असेल आणि मधल्या काळात नवा धोका घडला नसेल, तर ते शेवटचं उत्तर समजा. पुन्हा चाचणीसाठी रक्त देऊ नका. गुप्तरोगांची शंका असेल तर सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये दाखवा. आणि तरीही झोप येत नसेल, तर मनाच्या डॉक्टरांकडे जा, किंवा आज रात्रीच १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.