गरम पाण्याची वाट

पहिले सहा महिने मी फक्त आटे पाडले. साल 2001. बारावीला गणितात राहिलो होतो, भोरहून पुण्याला आलो होतो, आणि चुलत्यांच्या ओळखीने कोथरूडमधल्या एका बांधकामावर प्लंबिंगच्या मिस्त्रींच्या हाताखाली लागलो होतो. तेव्हा सगळं काम जीआय पाइपाचं. पाइप वाइसमध्ये आवळायचा, डाय चढवायची, तेल सोडायचं आणि दांड्यावर अंगाचा भार टाकून फिरवायचं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे लोखंडाचा कीस तुटून पडतो. मग आट्यांवर सफेदा लावायचा, त्यावर सुतळीचे धागे गुंडाळायचे आणि पान्याने जोड आवळायचा. धागे आट्यांच्या दिशेनेच गुंडाळावे लागतात. उलटे गुंडाळले तर आवळताना उसवून बाहेर येतात. माझे बरेच दिवस बाहेर येत होते.

मिस्त्री ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातले. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात प्लंबरांमध्ये चौकशी केलीत तर केंद्रपाड्याची माणसं भेटतात. तिथल्या पट्टामुंडाईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. मिस्त्रींनी मात्र कुठल्या संस्थेत पाऊल ठेवलं नव्हतं, ते काकाकडे शिकलेले. बोलणं थोडं. मी केलेला जोड ते न्याहाळायचे, पाना माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "खोल." खोलल्यावर आट्यांवरून बोट फिरवायला लावायचे. कुठे बोटाला खरखर लागली की तो तुकडा बाजूला आणि नवा पाइप वाइसमध्ये. शिवी कधी दिली नाही. त्यामुळे पळून जायला मला कारणच मिळालं नाही.

हे काम आपलं आहे असं पहिल्यांदा वाटलं ते एका सकाळी. चार मजल्यांची लाइन पुरी झाली होती, गवंडी प्लास्टरसाठी खोळंबले होते. आदल्या संध्याकाळी आम्ही सगळी तोंडं प्लग लावून बंद केली, हातपंपाने लाइनमध्ये दाब भरला आणि काटा दहा किलोवर आणून ठेवला. रात्रभर तो तसाच राहिला तर लाइन पास. मला झोप लागेना. पहाटे अंधारात टॉर्च घेऊन गेलो. काटा जागचा हलला नव्हता. शंभराहून जास्त जोड होते, त्यातले निम्मे तरी माझ्या हातचे. दुपारपर्यंत गवंड्यांनी ते भिंतीत बुजवूनही टाकले. आजही त्या रस्त्याने जाताना त्या इमारतीच्या मागच्या भिंतीकडे माझी नजर जाते. आतला पाइप कुठून वळला आहे ते मला बाहेरून दिसतं.

पुढे सीपीव्हीसीचे फिकट पिवळे पाइप आले. वाइस, डाय आणि सुतळी मागे पडली. पाइप चौकोनी कापायचा, कडेचा कीस काढायचा, सिमेंट लावून फिटिंगमध्ये घालताना पाव फेरा द्यायचा आणि तीसएक सेकंद धरून ठेवायचा. हा पाइप नव्वद अंशांच्या पाण्यालाही दाद देत नाही. काम सोपं झालं तसे कामाला हात घालणारेही वाढले. माझ्या मते खरी अडचण तिथून सुरू झाली. जोड चिकटवायला एक दिवस पुरतो, पण पाणी कुठून कसं जाईल हे समजायला वर्षं जातात, आणि ते समजून घ्यायला थांबायला आता कुणाला वेळ नसतो.

मला ते भंगाराच्या दुकानात समजलं. बांधकाम सोडून पेठांमध्ये दुरुस्तीची कामं घ्यायला लागलो होतो. नारायण पेठेत एक जुना गिझर फुटला होता. तो काढून भंगारवाल्याकडे नेला आणि त्याच्याकडूनच कापून घेतला. आत पाहायचं होतं म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. टाकीत खालून दोन नळ्या आलेल्या. गार पाण्याची आखूड, बुडाशीच संपणारी. गरम पाण्याची लांब, टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली. शेजारी मॅग्नेशियमची कांडी, टाकीऐवजी स्वतः झिजणारी. ती पार संपली होती, म्हणून गंज टाकीला लागला होता. मी त्या लांब नळीकडे बघत बसलो. गरम पाणी हलकं, ते वर जमतं, म्हणून ते वरूनच उचलायचं. आणि एकदम आजीचा बंब आठवला.

भोरच्या घरी अंगणात तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात कोळसा आणि शेणी, भोवती पाणी. वर एक नरसाळं. आजी नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतायची आणि वरच्या तोटीतून तितकंच कढत पाणी बादलीत पडायचं. लहानपणी मला ती जादू वाटायची. गार ओतलं की गरम कसं येतं? आता कळलं की नरसाळ्याची नळी आत थेट बुडापर्यंत गेलेली असणार. पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा काठी घालून पाहिलं. काठी बुडाला टेकली. गिझरमध्ये पाणी खालून येतं म्हणून गरमची नळी लांब, बंबात वरून येतं म्हणून गारची. बाकी विचार तोच. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत असे बंब घडवत. तिथली ठोक्यांची माठारकामाची नक्षी लोक फोटो काढून नेतात. मला त्या पोटातल्या नळीचं जास्त कौतुक वाटतं. बारावीला नापास झालेल्या मुलाला त्या दिवशी शास्त्र कळलं होतं, आणि ते त्याच्याच अंगणात होतं.

त्यानंतर मी हिशेब करायला शिकलो. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला दोन किलोवॅटच्या गिझरला एकवीस मिनिटं लागतात. कुणी दहा मिनिटांत बादली मागितली तर चूक गिझरची नसते. पाऊण इंची पाइपाच्या वीस मीटर लांबीत पाच लिटर पाणी मावतं. म्हणजे गच्चीवर सोलर आणि पहिल्या मजल्यावर नळ असेल तर रोज सकाळी तेवढं गार पाणी आधी वाहून जाणार. म्हणून पाइपाचा रस्ता जवळचा काढायचा आणि त्यावर आवरण चढवायचं. गिऱ्हाइकाला हे कागदावर मांडून दाखवलं की तो वाद घालत नाही.

या धंद्यात मन दुखावणारे प्रसंगही येतात. संडासाच्या कामाला गेलो की काही घरांत अजूनही पाणी वेगळ्या पेल्यातून मिळतं. एका सोसायटीत मला लिफ्ट वापरू दिली नव्हती. पंधरा किलोची पिशवी घेऊन सात मजले चढलो. याचा मला राग येतो. पण न्हाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी टिकून राहतं म्हणून खालच्या गटाराचा वास घरात येत नाही, आणि ते दोन इंच राखणारा माणूस मी आहे, हे मला पक्कं माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट सांगतो. कर्वेनगरमधली बारा फ्लॅटची इमारत, गच्चीवर सगळ्यांचा मिळून एक सोलर. दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, वय ऐंशीच्या पुढे. महिनाभर त्यांच्या नळाला गरम पाणी येत नव्हतं. पातेल्यात पाणी तापवून, फडक्याने धरून त्या बाथरूमपर्यंत नेत होत्या. एकदा सांडून पायावर फोडही आला होता. आधी तिघेजण येऊन गेले होते. एकाने काचेच्या नळ्या बदलल्या, एकाने सोलर लहान पडतो म्हणून सांगितलं, आणि एकाने आजींनाच उशिरा उठायचा सल्ला दिला.

मी पहाटे साडेपाचला गेलो. बरोबर आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स केलेली एक मुलगी होती, माझ्याकडे शिकायला राहिलेली. तिला आजींच्या बाथरूममध्ये उभं केलं, फोन चालू ठेवायला सांगितला आणि मी गच्चीवर गेलो. सोलरच्या टाकीतून निघणाऱ्या पाइपाला हात लावला तर चटका बसला. म्हणजे वर पाणी तापलेलं होतं. डक्टमध्ये उतरून पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या वर पाइप कढत, खाली नुसता कोमट.

परत गच्चीवर येऊन मी सोलरमधून खाली जाणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्हच बंद केला. आता आजींच्या गरम नळाला पाणी येता कामा नये. फोनवर विचारलं, "थांबलं का?"

"नाही दादा. चांगलं धो धो येतंय. गार."

मला जे हवं होतं ते मिळालं. गरम लाइन बंद असताना गरम नळाला पाणी येत असेल तर ते कुणाच्या तरी गार लाइनमधून घुसत असलं पाहिजे. गच्चीवर प्रत्येक फ्लॅटच्या गार पाण्याचा वेगळा व्हॉल्व्ह होता. एकेक बंद करत गेलो. थंडीने बोटं आखडली होती. सातवा बंद केला आणि फोनमधून ती ओरडली, "दादा, थांबलं!"

तो फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा. वहिनींनी दार उघडलं, आम्हाला बाथरूम दाखवलं. त्यांनी महिन्यापूर्वी नवा मिक्सर बसवला होता, हँडशॉवरचा. डावीकडचा गरम आणि उजवीकडचा गार, दोन्ही कॉक कायम उघडे, आणि पाणी बंद करायचं ते हँडशॉवरच्या टोकाच्या बटणाने. त्यामुळे मिक्सरच्या पोटात दोन्ही लाइनी एक झाल्या होत्या. खाली आजींनी नळ उघडला की सोलरची लांबची वाट सोडून पाणी या जवळच्या वाटेने, गार लाइनमधून, त्यांच्याकडे धावत होतं. वहिनींना फार वाईट वाटलं. त्यांची चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोन्ही कॉक बंद केले. दुकानं उघडल्यावर दोन्ही बाजूंना एनआरव्ही बसवायचे ठरले, म्हणजे पाणी परत उलटं जाणार नाही.

वरचे व्हॉल्व्ह उघडून आजींकडे आलो. त्या मोढा टाकून बाथरूमच्या दाराशी बसल्या होत्या. मुलीने नळ सोडला आणि त्याखाली हात धरला. पहिलं पाणी गार, मग कोमट. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "पाइपातलं निघू दे. अजून दोन लिटर." मग तिने हात झटकन मागे घेतला आणि बादलीतून वाफ वर आली.

आजी उठल्या, बादलीत बोटं बुडवली, काही बोलल्या नाहीत. आत जाऊन दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर जिन्यात बसून हत्यारं पुसत होतो. आतून तांब्याने पाणी अंगावर घेतल्याचा आवाज बराच वेळ येत होता.