टायमिंगचा अभिमान

मुलींच्या क्रिकेटमध्ये ताकदीचं फारसं काम नाही, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. आम्ही खेळलो ते टायमिंगवर, गॅप शोधून, एकेरी-दुहेरी पळून. सोलापूरच्या पार्क मैदानावर मुलींना शिकवताना नेटमध्ये एखादीनं चेंडू उचलून मारला की मी ओरडायचेच, ‘‘जमिनीवर ठेव!’’

माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेकडेही मी नाक मुरडूनच पाहिलं. मूळची अ‍ॅथलेटिक्समधली, भाला-गोळा फेकणारी. २०२२ मध्ये नागालँडकडून अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिनं नाबाद १६२ धावा केल्या. जिल्हाभर कौतुक चाललेलं आणि मी म्हणत होते, समोर गोलंदाजी काय होती ते बघा. पुढे भारताकडून सहा टी-ट्वेंटी सामन्यांत तिच्या १७ धावा झाल्या, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. आपल्याच जिल्ह्यातल्या पोरीच्या अपयशानं माझं म्हणणं खरं ठरलं, याचा तो आनंद होता. हे लिहितानाही टोचतं.

मग महिला प्रीमियर लीगमधला २८ फेब्रुवारी २०२४ चा बंगळुरूचा सामना आला. मुंबई इंडियन्सच्या १६१ धावा. यूपी वॉरियर्झच्या वृंदा दिनेशला क्षेत्ररक्षण करताना दुखापत झाली, म्हणून अ‍ॅलिसा हिलीबरोबर किरण सलामीला आली. पॉवरप्ले म्हणजे वर्तुळाबाहेर फक्त दोन क्षेत्ररक्षक. बाकी सगळे आत. ज्या उचलून मारण्याला मी उतावीळपणा म्हणत होते, तो तिथं उतावीळपणा नव्हताच. आतल्या फळीच्या डोक्यावरून गेलेला चेंडू अडवायला मागं फारसं कोणी नव्हतं. ३१ चेंडूंत ५७. संघ सतराव्या षटकातच जिंकला.

सामना संपल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. हिचं तंत्र शुद्ध आहे का, एवढंच मी विचारत आले होते. संघाला कुठल्या षटकांत काय हवंय आणि ते कोणाच्या हातात आहे, हे कधी विचारलंच नाही. डाव सावरायला त्या संघात दीप्ती शर्मा होतीच. मी मात्र अकराच्या अकरा जणींना दीप्ती करायला निघाले होते. फिरकीसमोर किरणचे पाय हलत नाहीत, असं मला आजही वाटतं. पण त्यासाठी तिचा खांदा बांधून ठेवायचा नसतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिनं ३४ चेंडूंत शतक ठोकलं, महिला टी-ट्वेंटीतलं जगातलं सर्वांत वेगवान. मला आनंद झालाच, पण आठवली ती थाळीफेकीतून आमच्याकडे आलेली एक मुलगी. ‘‘तू तिकडेच बरी,’’ असं सांगून मी तिला परत पाठवलं होतं. तिच्या घरी निरोप दिलाय. ती बारावीला आहे, येईलच असं नाही.

नेटमध्ये आता ओरडण्याआधी मी विचारते, ‘‘षटक कितवं? मिडऑन आत की बाहेर?’’ आत असेल, तर ‘‘मार, ताई काही बोलणार नाही.’’